शून्य मानांकनाशी बरोबरी

नगरला मी बुद्धिबळाचा क्लास चालवतो, आणि माझ्या तोऱ्याला तेवढं कारण पुरतं. मागे संगमनेरच्या एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. पहिल्या फेरीत माझ्यासमोर राहात्याकडचे एक पेरूवाले शेतकरी आले. वय पन्नाशीचं, पहिलीच स्पर्धा, खेळ सगळा मोबाईलवर शिकलेला. यादीत माझ्या नावापुढे अठराशेच्या वरचं मानांकन, त्यांच्या नावापुढे शून्य. मनात म्हटलं, चहा यायच्या आत उरकू.

हावरटपणा नडला. वजिराने कोपऱ्यातलं प्यादं मटकावलं आणि माझा राजा उघडा पडला. त्यांचा वजीर आणि दोन्ही हत्ती त्याच्याभोवती जमले. तीन चालींत मात होती, मला स्वच्छ दिसत होती. क्लासच्या मुलांचे पालक दोन टेबलं सोडून उभे होते. सर हरले, तेही शून्यवाल्याकडून, हे जेवणाच्या सुट्टीआधी ग्रुपवर पडलं असतं.

मी एक फालतू चाल केली, आणि जणू उपकारच करतोय अशा चेहऱ्याने "बरोबरी?" म्हणत हात पुढे केला. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग पटाकडे, पुन्हा हाताकडे. आणि तो हातात घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

कागदावर अर्धा-अर्धा गुण लिहून दोघांनी सह्या केल्या. मोहरे परत मांडताना ते म्हणाले, "हत्ती खाली आनला असता तर तुमचं अवघड हुतं, सर."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"व्हय की, मातच हुती. पन तुमी हात पुढं केला ना. मोबाईलवर नको म्हनायला बटन असतं. हितं हात आल्यावर काय करायचं, मला काय ठावं? म्हटलं, घ्यावाच लागत असंल. तसा नियमच हाय ना, सर?"

नियम तसा नाही. बरोबरी नको असेल तर सरळ पुढची चाल खेळायची, हे मी मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती. खरंच माहीत नव्हतं, म्हणून विचारलं होतं. पण पालक आता आमच्या टेबलाशी येऊन उभे होते. पुढे जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते.

"हो," मी म्हणालो.

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "मला उगं वाटत हुतं, आपलंच चुकलं का काय."