शेवटचं कडवं

माझ्या वडिलांनी गायलेलं गाणं कायद्याने आमचं नाही, हे मला कॉलेजात असताना कळलं. खरं तर राग यायला हवा होता. पण मला राग उशिरा येतो, आधी कुतूहल वाटतं.

वडील तुर्भ्याच्या एका कारखान्यात कामाला होते आणि संध्याकाळी गायन पार्टीत गायचे. जयंतीच्या दिवसांत त्यांचा घसा कायम बसलेला. गाणी स्वतःच लिहायचे. त्यातल्या एका गाण्याची कॅसेट निघाली, हक्क कंपनीकडे गेले आणि घरात एक कॅसेट राहिली.

मी कॉलेजात होतो तेव्हा कॉम्प्युटरवर फुकट गाणी उतरवायची टूम निघाली होती. गंमत अशी, की गाणं कुठल्या दुकानातून येत नसे. कुणा अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरमधून तुकड्या-तुकड्यांनी यायचं, आणि येता येताच आपल्याकडून पुढे तिसऱ्याकडे जायचं. एकदा सहज मी वडिलांच्या गाण्याचे शब्द टाकून पाहिले, तर ते निघालं! मी त्यांना जेवणावरून उठवून आणलं.

"बाबा, तुमचं गाणं चोरीला गेलंय."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. "कुटं राहतो ह्यो मानूस?"

"ते कळत नाही."

"बरं, शेवटचं कडवं हाय का बघ."

आमच्याकडच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव गुंफलेलं असतं. दुसऱ्या पार्टीने ते गाणं खुशाल गावं, वाटलं तर चाल बदलावी, नाव मात्र तेच घ्यावं. एकदा एका गायकाने वडिलांच्या जागी स्वतःचं नाव घातलं, तर समोर बसलेल्या बायामाणसांनी खरं नाव ओरडून त्याला गप्प केलं. वडील मंडपामागे चहा पीत होते. त्यांना कप खाली ठेवायचीही वेळ आली नाही.

मी गाणं शेवटपर्यंत वाजवलं. कडवं होतं, नाव होतं.

"मंग चोरी कसली?" वडील म्हणाले आणि पुन्हा ताटावर जाऊन बसले.

मी सोडतोय थोडाच! ढोलकीवाला, पेटीवाला, रेकॉर्डिंगचा खर्च, सगळं त्यांच्यापुढे मांडलं. असं फुकट वाटत सुटलं तर उद्या कॅसेट काढणार कोण? "ते बी खरं हाय," ते म्हणाले, पण चेहरा पटल्याचा नव्हता.

आई मध्ये पडली. "विरजनासारखं हाय ते. शेजारनीनं चमचाभर नेलं म्हून आपलं दही कमी होतं व्हय?"

"पण आई, दूध तर कुणीतरी विकत आणतंच ना?"

"तुज्या तोंडाला कोन लागंल!"

तो वाद तसाच राहिला. अजूनही मला दोघांचंही थोडं थोडं पटतं.

वडील गेले. मी उलव्याला राहायला आलो, आई तुर्भ्याचं घर सोडायला तयार नाही. जुना कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला होता, आणि कॅसेटची फीत चिकटून बसली होती. वडिलांच्या स्मृतिदिनी विहारातून तुर्भ्याच्या घरी आल्यावर आई म्हणाली, "त्यांचं गानं लाव की." मी गाण्यांच्या ॲपचे रीतसर पैसे भरतो आणि त्याचा मला अभिमानही आहे. शोधलं, तर तिथे गाणं होतं. आवाज स्वच्छ, खाली कंपनीचं नाव. आई फोनला कान लावून बसली. तिसरं कडवं झालं, ढोलकी हळू होत गेली आणि गाणं थांबलं.

"संपलं?"

"हो."

"आन् त्यांचं नाव?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई जन्मभर वडिलांना 'अवो' म्हणत आली. रेशनच्या दुकानात नाव विचारलं, की मला पुढे ढकलायची. तिच्या तोंडून मी त्यांचं नाव ऐकलंय ते फक्त या शेवटच्या कडव्यात, भाकरी थापता थापता त्यांच्या आवाजात आवाज मिसळताना. गान्यात चालतं, असं तिचं म्हणणं. आणि पैसे भरून मिळालेल्या गाण्यातून नेमकं तेच कापलं होतं! मला संताप आला.

"तूच म्हण की," मी म्हणालो.

"नुसतं कसं म्हनू? त्यांनी म्हनलं की मी म्हनायची."

कंपनीला विचारलं, तर तक्रार मिळाल्याचं छापील उत्तर आलं. मग ओळखीच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हात पसरले. शेवटी मराठवाड्यातल्या एका साऊंडवाल्याने गाणं पाठवलं. त्याच्याकडे ते मेव्हण्याच्या मेमरी कार्डातून आलं होतं, मेव्हण्याकडे मोबाईलच्या दुकानातून. त्याच्या मागचा माग लागेना. कधीकाळी माझ्याच कॉम्प्युटरमधून गेलेलं तर नसेल? विरजण फिरत फिरत मूळ घरी येतं का, हे आईला विचारायचं राहून गेलं.

तुर्भ्याला जाऊन मी ते आईसमोर लावलं. आवाज खरखरत होता, पण गाणं अख्खं होतं. शेवटचं कडवं आलं. वडिलांनी नेहमीसारखा दम घेतला, आईनेही घेतला, आणि दोघांनी मिळून ते नाव म्हटलं. मला रडू आवरलं नाही.

तेवढ्यात साऊंडवाल्याचा मेसेज आला: 'तुमच्या वडिलांचं गाणं आहे म्हणता, तर आमच्याकडं कार्यक्रमात वाजवू का? परवानगी असावी.'

मी आईला वाचून दाखवलं. आणि कायद्याने ही परवानगी आपल्या हातात नाही, हेही सांगितलं.

"वाजव म्हनावं," आई म्हणाली. "कुनालाबी दे म्हनावं. निस्तं शेवट कापू नको म्हनावं."

मी तिचे शब्द जसेच्या तसे टाइप करून पाठवले. तोवर ती डोळे पुसून फोनजवळ सरकली होती.

"लाव परत," ती म्हणाली. "मला त्यांचं नाव घ्यायचंय."