कालिंदीबाईंची शिस्त

बहात्तरच्या दुष्काळानंतर औंढ्याजवळच्या एका खेड्यात बालवाडी निघाली आणि हिंगोलीच्या कालिंदीबाई तिथं शिक्षिका म्हणून आल्या. पहिल्याच आठवड्यात त्या बौद्धवाड्यात चांगुणाच्या दारी गेल्या. तिची चार वर्षांची जनका जन्मापासून बहिरी.

"बाई, तिला ऐकू येत न्हाई. बसवून काय करता?" चांगुणा म्हणाली.

"बसू तर द्या."

दुसऱ्या दिवशी पाटलाघरची रुक्माबाई नातवाचा हात धरून भांडायला आली. "तिच्या संगतीनं आमची लेकरं मुकी होतील!" जनका कोणत्या वाड्यातली, याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती.

"बहिरेपण काय खरूज हाय लागायला?" बाईंनी विचारलं.

पण ते लागलंच. पाणी, भूक, शी, चिमणी, सगळ्याला जनकाच्या खुणा होत्या. पोरांना त्या बोलण्यापेक्षा गमतीच्या वाटल्या. दिवाळीपर्यंत सगळी बालवाडी हातांनी भांडू लागली. बाईही हातांनीच रागवायच्या.

मग तालुक्याहून साहेब तपासणीला आले. पोरं चिडीचूप. एकानं दोन्ही हातांनी हवेत मोठं पोट काढलं, बाकीची बिनआवाज हसली. साहेबांना तो व्यायाम वाटला.

"अशी शिस्त मी कुठंच पाहिली नाही!"

"साहेब, ती बहिरी मुलगी आली म्हणून..."

"कोणती? मला तर सगळी सारखीच दिसतात."

एवढ्या चांगल्या शिस्तीचं बक्षीस म्हणून कालिंदीबाईंची बदली झाली, वारंगा फाट्याकडच्या एका दांडग्या बालवाडीवर.

नव्या बाई शिस्त टिकवायच्या निश्चयानंच आल्या. "हाताची घडी, तोंडावर बोट!" हात बांधले गेले आणि जनकाशी बोलायला कुणी उरलं नाही. ती काही दिवस तशीच बसली, मग यायची बंद झाली.

पण बालवाडी सुटली की पोरं थेट चांगुणाच्या अंगणात जमू लागली. पाटलाचा नातू सगळ्यांत पुढं. रुक्माबाई बौद्धवाड्याच्या तोंडाशी उभी राहून हाका मारायची. तो ऐकूच आलं नाही असं दाखवायचा. शेवटी एका संध्याकाळी ती अंगणापर्यंत आली, इकडंतिकडं पाहिलं आणि पदराआडून हळूच 'ये'ची खूण केली.

नातू हलला नाही. जनकाच उठून तिच्याजवळ गेली.