इंदूचा आवाज मागं काहून पडला

जळते! मशीन जळून राहिली बापा — एवढंच डोक्यात. मांडीवर पोरगा, समोर आवाज घुमवाची डब्यासारखी इको मशीन, हात लावला तं चटका. मैदानभर माणूस, अन् माही नणंद इंदू माईकवर गाऊन राहिली. माह्या घरचे, इंदूचे भाऊ, भोंग्याच्या खांबावर चढलेले, तार ढिली झाली म्हणून. हाक कोणाले मारू?

हे मी आजवर कोणाले बोलली नाही. घरच्यायले नाही, माह्या मायलेही नाही. तुम्हालेच सांगून राहिली.

सानगडीची मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. दुपारी दंडारीच्या नाचगाण्याआधी इंदूले दोन भजनं म्हणाची होती. आमच्या घरची पोरगी पहिल्यांदा स्टेजवर. सासरे तयार नव्हते — पोरीनं माईक धरला तं लोक काय म्हणतीन? ह्यायनंच त्यायले मनवलं. लाऊडस्पीकर आमचा, मशीन आमची. सासरे म्हणाले, आज नीट झालं तं पुढंही गाऊ देईन. नीट झालं तं.

मशीनीचं सांगाच लागते. आतमधी फीत फिरे. माईकातला आवाज पहिले फितीवर बसे, मंग भोंग्यातून निघे. बटन पुढं केलं का फीत पळे, आवाज लगेच येये, पण मोटार तापे. मागं केलं का मोटारीले आराम, पण आवाज उशिरा — गाणाऱ्याच्या तोंडात दुसरा शब्द, कानात पहिलाच. ह्यायनं दोन्ही सांभाळून मधातली जागा शोधली होती. तिथं माह्या कपाळाची टिकली चिकटवली. "हे हलवू नोको. लेकरू घेऊन बस, अन् ध्यान ठेव."

मी हलवलं. पार मागं.

इंदू अडखळली. ती थांबे, भोंगा बोले. ती धरे, तबला पुढं गेलेला. पेटीवाले काका तिच्याकडं डोळे मोठे करून पाहेत. मागून एक पोट्टा ओरडला, "अवं, इंजिन गेलं, डबा राह्यला!" सारी मंडई हासली. इंदूनं माईक सोडला, पदर तोंडाले लावला, अन् खाली उतरली.

अन् तवा मले दिसलं. मशीनीवर पोराचं ओलं दुपटं. मीच वाळू घातलं होतं — डबा गरम आहे, लवकर सुकन म्हणून. नेमकं हवा जाच्या जाळीवर. मशीनीले काहीच झालं नव्हतं.

मंग? दुपटं ओढलं, पोराखाली दाबलं. बटन टिकलीवर आणलं. हे खांबावरून उतरले. वरून त्यायलेही तेच ऐकू आलं होतं — तबला पुढं, पोरगी मागं. मशीन पाहली. सारं जाग्यावर. म्हणाले, "मशीन तं बरोबर आहे. पोरीलेच ताल नाही."

मी पोराले थोपटत बसली. बोलली असती तं मार भेटला असता? सासूनं घराबाहेर काढलं असतं? काय माहीत. भेव वाटलं, एवढं खरं. तुम्ही माह्या जागी — नाही. ते नाही इचारत. काहून इचारू?

कारण ते तं भेवाचं झालं. पुढचं भेवाचं नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर आम्ही दोघीच. इंदूनं बादली खाली ठेवली. "वयनी, तुम्ही मशीनीपाशी होत्या. खरंच मी मागं होऊन राहिली होती का जी?" डोळे सुजलेले. तिले वाटे, मी नाही म्हणन. तिथं ना सासू, ना हे. कोण मारणार होतं मले?

मी म्हटलं, "हो बाई. जरा मागंच."

तिनं मानलं. माह्यावर भरोसा होता तिचा. मंग ती कधी गायली नाही. सासऱ्याले मना कराचं कामच पडलं नाही. धान पाखडतानी गुणगुणे, तेही बंद.

आता ती आंधळगावले दिली आहे. औंदा पहिल्या बाळंतपणाले आली. काल दुपारी तिची पोरगी रडून राहिली, निजेच ना. मी म्हटलं, "म्हण ना वं काही, निजन." तिनं लेकरू उचललं अन् माह्या मांडीवर ठेवलं. हासत होती.

"तुम्हीच म्हणा जी वयनी. मले कुठं ताल आहे?"

मी पाळणा म्हटला. इंदू भिंतीले टेकून ऐकत होती. तिची बोटं जमिनीवर ठेका धरून राहिली होती — एकही चुकला नाही. मी पाहलं. अन् म्हणतच राहिली.