शेवंताकाकूंचा नवस

शेवंताकाकू गेल्या हे त्यांच्या सुनेनं, सुरेखानं, फोनवर कळवलं तेव्हा मी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होते. ‘मॅडम, आई गेल्या,’ एवढंच ती म्हणाली. मी कधी, कशानं, असं सगळं रीतसर विचारलं आणि फोन ठेवला. पहिला विचार काय आला सांगू? आता त्या नारळाबद्दल मला कोणी विचारणार नाही, हा. महिना उलटला, पण त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही…

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. नवऱ्याच्या नोकरीपायी महाडला आलो आणि शेजार मिळाला तो काकूंचा. त्या पोलादपूर तालुक्यातल्या, डोंगरावरच्या कुडपणच्या. मुलगा मुंबईला, म्हणून नातवंडांच्या शाळेसाठी सुनेबरोबर महाडात खोली घेऊन राहायच्या. तोंडाच्या फटकळ. पहिल्या नाताळाला मी केक नेऊन दिला तर म्हणाल्या, ‘अंडा हाय ना त्यात? मंग आज नको, सोमवार हाय. उद्या खाईन. पोरांना सांगू नको.’ दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत आला, आत नाचणीच्या गरम भाकऱ्या. माझ्या आईच्या माघारी मला हक्कानं रागावणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

यंदा मे महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतले काहीजण आठवडाभरासाठी नेपाळला निघालो. डोंगरातल्या एका खेड्यातल्या मंडळीला शाळेची भिंत बांधायला मदत, मुलांचं शिबिर, प्रार्थना, असा बेत होता. मी कधी विमानात बसले नव्हते, पण धास्ती काकूंनाच जास्त. त्या कुडपणला जाऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, ‘गावदेवीला गाऱ्हाणं घातलंय गो बाय. सुखरूप आलीस की तुझ्या हातानं नारळ फोडायचा. नवस तुझ्या नावाचा हाय.’ मी हसून ‘बघू’ म्हटलं. पाळकसाहेबांची प्रार्थना आणि काकूंचं गाऱ्हाणं, दोन्हीकडून बंदोबस्त झाला, असं नवऱ्याला गमतीनं सांगितलंही.

नेपाळात आम्ही मंडळीतल्या एका तरुणाच्या घरी उतरलो होतो. त्याची आजी मात्र हिंदूच. निघायच्या दिवशी तिनं आम्हा सगळ्यांना ओळीनं बसवलं, कपाळाला तांदळाचा लाल टिळा लावला आणि देवापुढची फळं हातात दिली. आमची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पाळकसाहेब हळूच म्हणाले, ‘घ्या. म्हातारीचं मन मोडायला आलो नाही आपण.’ मी मान पुढे केली. फळही खाल्लं, आणि खरं सांगते, डोळे भरून आले होते.

परत आल्यावर काकूंना मोबाइलवर फोटो दाखवत बसले. डोंगर, भिंत, पोरं… ‘मंग नारळ कधी?’ त्यांनी विचारलं. ‘काकू, आमच्यात ते चालत नाही. राग मानू नका,’ मी म्हणाले. तोवर माझ्याच बोटानं पुढचा फोटो सरकवला होता. टिळा लावलेली मी, शेजारी ती आजी. काकूंनी तो निरखून बघितला. ‘ह्या म्हातारीचा चालला तुला,’ म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

नेपाळात मला ओळखणारं कोणी नव्हतं. इथं मंडळीतल्या कुणी देवळात बघितलं असतं तर? एवढंच कारण होतं. ती निव्वळ भीती होती आणि मी तिला तोंड वर करून श्रद्धा म्हणत होते.

नंतर दोनदा काकूंनी विषय काढला, रागानं नाही, काळजीनं. ‘नवस राह्यला की ज्याच्या नावाचा त्याला भोवतो गो.’ मी कानाडोळा केला. पावसाळ्यात त्या आजारी पडल्या आणि गावी गेल्या. जाईन जाईन म्हणता मी भेटायला गेले नाही. पाऊस, घाट, दरडी… कारणांना काय तोटा.

त्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र कुडपणला पोहोचले. सुरेखा ओटीवर शेजारी बसून सांगत होती. शेवटी काकूंना उठवत नव्हतं, तरी हट्टानं देवळात न्यायला लावलं. गुरवाला सांगून माझा नवस स्वतःच्या नावावर घेतला आणि नारळ फोडला. ‘मॅडमना काय होता नये, म्हणाल्या. तिच्या देवाचं तिला बघावं लागतं, तिला बोल लावू नका, म्हणाल्या.’

मला काय सुचलं कोण जाणे. मी विचारलं, ‘माझ्यासाठी खोबरं नाही ठेवलंत?’

सुरेखानं मान हलवली. ‘मी ठेवत होते. आईच नको म्हणाल्या. समोर दिलंस तर तिची पंचाईत होईल, म्हणाल्या.’