बससाठी मागे सरकलेल्या भिंती

आमच्या गावातून कंपनीत कामाला लागलेल्या पहिल्या सहा बायकांत माझी आई होती. चाकणच्या बाजूला गाड्यांची वायरिंग बनवणारा कारखाना होता, तिथे. कंपनीची बस गावाबाहेर फाट्यावर थांबायची. तिथवर दीड किलोमीटर, ट्रेलरच्या रांगेला खेटून चालत जायचं. एका सकाळी ट्रेलरचा धक्का लागून आईची मैत्रीण रस्त्याकडेच्या चारीत पडली. हाताला टाके पडले आणि घरच्यांनी तिला नोकरी सोडायला लावली.

मग बायकांनी बस गावात आणायची मागणी केली. ड्रायव्हर येऊन गल्ली बघून गेला. दोन हात रुंदी वाढली तर आणतो, म्हणाला.

ही गल्ली आमच्या बौद्धवस्तीपासून निघून गावठाणातून देवळापर्यंत जाते. आजोबांच्या तरुणपणी आमच्या माणसांना तिथून वहाणा हातात घेऊन जावं लागायचं. आजोबांनी मला हे एकदाच सांगितलं, आवाज न चढवता. त्याच गल्लीतल्या घरांकडे आता आई जागा मागणार होती.

ग्रामसभेत तिने मागणी मांडली. भिंती ज्याच्या त्याच्या हद्दीत आहेत, असं दोघे-तिघे म्हणाले.

आई म्हणाली, "विहाराची भिंत आमी रविवारी मागं घेतो. बाकीच्यांनी आपापलं बघावं."

वडील फाउंड्रीत कामाला होते. त्यांनी आणि वस्तीतल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी राबून बांधलेली ती भिंत. रविवारी त्यांनीच ती उतरवली, एकेक वीट साफ करून ठेवली.

दोन दिवसांनी वळणावरचे म्हातारे शेतकरी पहार घेऊन वडिलांकडे आले. त्यांच्या घरापुढे नवा दगडी ओटा होता.

"माझी सून बी कंपनीत जायचं म्हणतीय," ते म्हणाले. "चला, ओट्याला कोपऱ्यापास्नं हात घालू."

दोघांनी मिळून तो ओटा फोडला. पुढे घरामागून घर सरकलं. एकच घर शेवटपर्यंत हललं नाही. तिथे ड्रायव्हर अजून आरसा दुमडून बस काढतो.

बस पहिल्यांदा देवळापर्यंत आली तेव्हा मी आठवीत होते. आई खिडकीशी बसली होती आणि मुद्दामच माझ्याकडे बघत नव्हती. इतका अभिमान मला नंतर स्वतःच्या डिग्रीचाही वाटला नाही.

आता गावातून दोन बस भरून बायका जातात. मीही याच पट्ट्यात क्वालिटी विभागात काम करते. गावात मराठवाड्यातून आलेले भाडेकरू वाढलेत, त्यांच्या मुली फाट्यावरून दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या पकडतात. आई निवृत्त झालीय. गेल्या ग्रामसभेत तिने या मुलींसाठी फाट्याच्या रस्त्यावर दिवे मागितले. ठराव झाला, खांब यायचेत. दर सोमवारी ती ग्रामपंचायतीत जाऊन विचारून येते.