टेकडीवर गर्दी होईपर्यंत

आमच्या शिंचू शहरात संगणकाच्या चिपांचा धंदा ऋतूंसारखा चालतो. जग अधाशासारखं माल मागतं, मग गोदामं तुंबतात आणि वर्षभर कुणी तोंड दाखवत नाही. पुढचा ऋतू आपल्यालाच आधी कळतो असं मानणारा एक माणूस प्रत्येक इमारतीत असतो. आमच्याकडे ते चौथ्या मजल्यावरचे फान युंग-लाय. मी तिसऱ्यावर राहते.

फानकाकांनी तीस वर्षं चिप-कारखान्यांचे पंप दुरुस्त केले. वर्तमानपत्रांवर त्यांचा विश्वास नव्हता. घरामागच्या टेकडीवर होता. एरवी कामाच्या दिवशी तिथे फक्त म्हातारे फिरतात. दोन हजार आठच्या थंडीत मात्र तरणेताठे इंजिनिअर दिसू लागले, कंपन्यांनी बिनपगारी सुट्टीवर बसवलेले. एका मंगळवारी काकांनी एकशे चाळीस मोजले आणि निवृत्तीचे सगळे पैसे चिपांच्या शेअरांत घातले. दीड वर्षानं विकले, तेव्हा दुप्पट झाले होते.

लान-मेईकाकू तेव्हाच म्हणाल्या, "अहो, आता लिफ्टवालं घर घेऊ या. माझ्या गुडघ्यांना पुन्हा तेजी यायची नाही."

"एक फेरी अजून," काका म्हणाले. "मग मोठंच घेऊ."

मधल्या लहानसहान मंद्या त्यांनी मंद्या मानल्याच नाहीत. टेकडीवर तेवढी माणसं नव्हती. मग दोन हजार बावीसला गोदामं पुन्हा भरली, भाव कोसळले. काका रोज पहाटे वर जाऊ लागले.

"किती?" काकू विचारायच्या.

"अकरा."

"त्यात म्हातारे?"

"नऊ."

मी एका चिप-कंपनीच्या कार्यालयात आहे. मी सांगितलं, "काका, मागच्या वेळी कंपन्यांची फार छी-थू झाली. या वेळी कुणाला घरी बसवणार नाहीत, नुसता बोनस कापतील."

"भाव पडलेत गं, पण घाबरलंय कोण? घाबरलेला माणूस टेकडीवर येतोच."

कुणी आलं नाही, म्हणून काकांनी पैसे घातले नाहीत. भाव वर गेले, आणखी वर गेले. इंजिनिअरांना पुन्हा बोनस मिळाले, त्यांनी घरं घेतली, घरांचे भावही चढले. काकांच्या पैशांत आता लिफ्टवालं स्वयंपाकघर आलं असतं, उरलेल्या घराशिवाय.

गेल्या शरदात काकू माझ्या दारासमोर जिन्यात पडल्या. त्यांचा भाऊ बेइपू गावाहून आला आणि त्यांना पाठुंगळी घेऊन उतरला. तिकडे त्याचं घर तळमजल्यावर आहे.

"तुम्ही येताय का?" पाठीवरूनच काकूंनी विचारलं.

"कुणीतरी इथे हवं ना."

"का? टेकडी पळून जाईल?"

काका कठडा धरून उभे राहिले.

परवा ते जिना चढताना माझ्या दाराशी दम खायला थांबले. किती मोजले, असं मी सवयीनं विचारलं.

"मोजत नाही आता," ते म्हणाले. "शेअर विकले ना, त्याच दुपारी मी पलीकडच्या नव्या इमारतीतलं एक घर बघून आलो होतो. लिफ्टनं वर जाऊन आलो. हिला बोललो नाही. वाटलं, हट्ट धरेल."

"आता नका सांगू."

"काल फोनवर सांगितलं."

"मग?"

"म्हणाली, रविवारी येताना माझे गरम कपडे आणा." ते दोन पायऱ्या चढले आणि थांबले. "उन्हाळ्याचेही आणा म्हणाली."