कुंकू लावायचं राहिलं

आमच्या इमारतीत तळमजल्यावर दातांची लॅब आहे. तिथल्या कवळ्या स्टुटगार्टभर सायकलवरून पोचवणारा एक कुरियरवाला मला मागच्या अंगणात नेहमी भेटतो. पन्नाशीचा, काटकुळा. सायकलही तशीच: गिअर नाहीत, मडगार्ड नाही, घंटीसुद्धा नाही. "उगाच वजन," म्हणतो आणि घंटीऐवजी शीळ घालतो. आमच्या गल्लीचा उतार तो सुसाट उतरतो, तेव्हा मी बाल्कनीत डोळे मिटून घेते.

दसऱ्याला मी अंगणात माझ्या सायकलची पूजा करत होते. तो थांबला. "हे काय चाललंय?"

"जिच्या भरवशावर आपण वर्षभर फिरतो, तिला आज नमस्कार करायचा."

"गेनाऊ! बरोबर आहे," म्हणत त्याने आपली सायकल शेजारी उभी केली. मी तिलाही झेंडूचा हार घातला, चाकांना कुंकू लावलं आणि सवयीने बोट ब्रेककडे नेलं. तिथे काहीच नव्हतं.

"अहो, ब्रेक?"

"पेडल उलटं रेटलं की थांबते. पाय आहेत की!" तो हसला. मला काही हसू येईना. कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं. त्याने ते पाहिलं, आणि त्या दिवशी शीळ न घालताच गेला.

पुढच्या आठवड्यात आमची बेल वाजली. खाली हा उभा. हार सुकला होता, पण काढलेला नव्हता. हँडलवर नवा कोरा ब्रेक. त्यावर टिचकी मारून म्हणाला,

"तुमचं इथलं राहिलं होतं."